देणारेही आपण, घेणारेही आपण

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



वर्धापन दिनाला आपल्याकडे कुणी बाबासाहेबांच्या कार्यावर बोलतो, कुणी धम्मावर बोलतो. या वेळी समितीने मला सांगितले, की तुम्ही कामगारांत वावरता, तर कामगाराच्या घरात उपयोगी पडेल असे काही बोला. म्हणून मी आज गुडघा, बोटे आणि शिरा हा विषय घेतला आहे. मी काही डॉक्टर नाही. रोलिंग मिलमधला साधा कामगार आहे. जे थोडेफार समजले ते वाचनालयात बसून, डॉक्टरांना विचारून आणि सहकाऱ्यांना घेऊन हॉस्पिटलच्या बाकड्यावर तासन् तास बसून समजले. तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो.

आपला पट्टा कसा आहे बघा. पिंपरी, भोसरी, चिंचवड, तळवडे, आणि आता चाकण, खराबवाडी, महाळुंगे. घराघरातला पोरगा प्रेसवर नाहीतर असेंब्ली लाइनवर आहे. पहाटे मोटारसायकलवर निघतो, रात्री उशिरा परत येतो. हाताची बोटे आणि पायांचे गुडघे यांवरच घर चालते. वाहन उद्योगातल्या छोट्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटे कशी जातात, यावर सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. आपल्याला ते कळायला अहवालाची गरज नाही. सभागृहात नुसती नजर फिरवली तरी कळेल.

आता थोडे शरीराविषयी. हाडाला हाड बांधून ठेवते ते लिगामेंट, मराठी पुस्तकात त्याला अस्थिबंध म्हणतात. मांसाला हाडाशी जोडते ते टेंडन, म्हणजे कंडरा. आपण दोन्हींना सरसकट शीर म्हणतो, आणि रक्ताच्या नळीलाही शीरच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. क्रेनवर काम करणाऱ्याला सोपे करून सांगतो. मांस म्हणजे मोटर आणि कंडरा म्हणजे वायर रोप. मोटर शाबूत असली आणि रोप तुटला, तर हूक जागचा हलत नाही. बोटाचे तसेच आहे. लिगामेंट म्हणजे दोन हाडांमधला पट्टा. तो तुटला, की गुडघा भरवशाचा राहत नाही, जिना उतरताना सटकतो.

आपल्या धम्मातही या दोरीची नोंद आहे. शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन भंतेजी आपल्याला शिकवतात, त्यात ‘नहारू’ हा शब्द येतो. नहारू म्हणजे हीच दोरी. अडीच हजार वर्षांपूर्वी शरीराकडे इतक्या स्वच्छ नजरेने पाहणारा आपला मार्ग आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता सगळ्यांनी उजवा हात पुढे करा. लाजू नका. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर आलेली दिसेल. तिचे नाव पामारिस लाँगस. काहींना दिसणार नाही. घाबरू नका, काही माणसांत ती जन्मतःच नसते आणि नसल्याने काही अडत नाही. तीच तर गंमत आहे. काढली तरी हात चालतो, म्हणून बोटाची तुटलेली कंडरा नव्याने घालायची वेळ आली, तर सर्जन बऱ्याचदा हीच दोरी काढून तिथे लावतात. शरीरातला सुटा भाग समजा.

पण त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. पत्र्याने बोट कापले आणि कंडरा तुटली, तर पहिल्या काही दिवसांतच तिची दोन टोके एकमेकांना शिवता येतात. उशीर झाला, की टोके आत ओढली जातात, आखडतात, आणि मग दुसरीकडची दोरी आणून जोडावी लागते. माझ्या ओळखीच्या एका पोराचे बोट कापले. जिथे नेले तिथे वरची कातडी शिवून, ड्रेसिंग करून घरी पाठवले. बोट वाकते का, हे कुणी पाहिले नाही. तीन महिन्यांनी तो सर्जनकडे गेला तेव्हा दोन ऑपरेशने सांगितली. म्हणून पाठ करून ठेवा: जखम छोटी असली तरी बोट टोकापासून वाकते का, सरळ होते का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी बघायला सांगायचे.

गुडघ्याचे वेगळे आहे. गुडघ्याच्या आत एक लिगामेंट असते, डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. कबड्डीत पकड झाली आणि पाय रोवलेला असताना अंग फिरले, किंवा चाकणच्या रस्त्यावर गाडी घसरली, की हे जाते. ते सांध्याच्या आत असल्याने तुटल्यावर सहसा आपोआप सांधत नाही. नुसते शिवूनही बहुतेक वेळा टिकत नाही. मात्र प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असे नाही. काहींचे व्यायामाने आणि जपून राहण्याने भागते. ज्याला ओझे उचलायचे आहे, शिडी चढायची आहे, मैदानात उतरायचे आहे आणि ज्याचा गुडघा सारखा सटकतो, त्याला नवा पट्टा घालावा लागतो. हाडात बोगदे पाडून पट्टा ओवतात आणि स्क्रूने किंवा बटणाने पक्का करतात.

हा नवा पट्टा कुठून आणायचा? पहिला मार्ग म्हणजे रुग्णाच्याच शरीरातून: मांडीच्या मागच्या कंडरा, गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा किंवा वाटीच्या वरचा. आपल्याकडे बहुतेक ऑपरेशने अशीच होतात. दुसरा मार्ग म्हणजे मृत्यूनंतर कुणीतरी दान केलेली कंडरा, उदाहरणार्थ टाचेच्या मागची जाड शीर. एकच लिगामेंट तुटले असेल आणि माणूस तरुण असेल, तर स्वतःचाच पट्टा चांगला. परदेशातल्या मोठ्या अभ्यासांत दिसले आहे, की तरुण खेळाडूंमध्ये दात्याचा पट्टा पुन्हा तुटण्याचे प्रमाण जास्त असते. पण अपघातात गुडघ्याची तीन-चार लिगामेंट एकदम गेली, तर स्वतःच्या किती दोऱ्या काढणार? किंवा आधीचे ऑपरेशन फसले आणि स्वतःची दोरी वापरून झाली, तर? अशा वेळी दात्याची ऊती हाच आधार असतो. वय जास्त असेल, तर निरोगी पायावर आणखी एक जखम नको म्हणूनही ती वापरतात.

लोक मला विचारतात, ‘‘भाऊ, दुसऱ्याचे अंग आपले अंग कसे घेईल? किडनीसारख्या जन्मभर गोळ्या खाव्या लागतील का?’’ नाही. किडनी जिवंत पेशींचा अवयव आहे. कंडरा म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचा धागा. पेढीत प्रक्रिया झाल्यावर तिच्यात जिवंत पेशी जवळजवळ राहत नाहीत. त्यामुळे शरीर तिला सहसा झिडकारत नाही, त्या गोळ्या लागत नाहीत आणि रक्तगट जुळवावा लागत नाही. मग होते असे, की जुन्या घराचे वासे एक एक करून बदलावेत तसे रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्या पट्ट्यात शिरतात आणि हळूहळू त्याचे स्वतःचे लिगामेंट तयार होते. याला महिने लागतात, आणि दात्याच्या पट्ट्याला जास्तच. म्हणून ऑपरेशन झाले, चालायला लागलो, म्हणजे काम झाले असे नाही. मधल्या काळात पट्टा उलट कच्चा असतो. फिजिओथेरपीचा व्यायाम सोडायचा नाही, आणि मैदानावर नऊ महिन्यांच्या आत उतरायचे नाही.

रक्तपेढी आणि नेत्रपेढी आपल्याला माहीत आहे. तशीच ऊतींची पेढी असते. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ साली टिश्यू बँक सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती अनेक वर्षे सांभाळली आणि वाढवली. दान केलेले हाड आणि बाळंतपणात वारेबरोबर येणारा पातळ पडदा तिथे साफ करून, सुकवून, बंद पाकिटात घालून ठेवतात. मग ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी ते निर्जंतुक करून घ्यायचे, ही पद्धत देशात या पेढीने पहिल्यांदा रुळवली. तो पडदा भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावतात. माता-भगिनींनो, जी वार आपण पुरून टाकतो, तिच्यातसुद्धा कुणाची तरी जखम झाकण्याची ताकद आहे. खुब्याचा सांधा बदलताना काढलेले हाडसुद्धा जिवंत माणूस दान करू शकतो.

कंडरेच्या बाबतीत किरणांचा जास्त मारा केला, तर तिची ताकद कमी होते. म्हणून ती मुख्यतः अतिथंड कपाटात, उणे ८० अंशांवर ठेवतात, आणि किरण वापरलेच तर जपून वापरतात. त्याआधी दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. कर्करोग किंवा मोठा जंतुसंसर्ग असेल, तर ऊती घेत नाहीत.

हे सगळे काटेकोर व्हावेच लागते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात २००१ साली २३ वर्षांच्या एका तरुणाच्या गुडघ्यात दात्याचे हाड-कूर्चा बसवले. त्यात जंतू राहिले होते. साध्या ऑपरेशननंतर काही दिवसांतच तो पोरगा गेला. त्यानंतर तिथे पेढ्यांचे नियम कडक झाले. मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. नीट चालणाऱ्या पेढीत असा धोका फार थोडा असतो. पण आपल्या माणसाच्या गुडघ्यात काय घालणार, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढे यातून घ्या.

डॉक्टरांनी दात्याची ऊती सुचवली, तर पाच प्रश्न विचारा. एक, माझी स्वतःची दोरी का चालणार नाही? दोन, ही ऊती कोणत्या पेढीतून येणार, आणि त्या पेढीची नोंदणी आहे का? तीन, पाकिटावरचा क्रमांक आणि मुदत माझ्या केसपेपरवर लिहाल का? चार, पेढीचा प्रक्रिया खर्च किती आणि हॉस्पिटलचा किती, बिलात वेगळे दाखवाल का? पाच, कामावर केव्हा जाता येईल? संमतिपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागा. प्रश्न विचारणे म्हणजे उर्मटपणा नव्हे. कालाम सुत्तात तथागतांनीच सांगितले, की तपासल्याशिवाय स्वीकारू नका.

आता देण्याच्या बाजूकडे येतो, कारण पेढी कारखान्यातून माल आणत नाही. कुणाच्या तरी घरी दुःख झालेले असते, तरी ते घर हो म्हणते, तेव्हा तिथे पाकीट येते. अवयवदानाचा कायदा १९९४ साली झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात डोळ्यांचे पटल, त्वचा, हाड, हृदयाच्या झडपा अशा ऊतीही आल्या, आणि २०१४ पासून ते अमलात आले. किडनी-यकृत यांच्यासाठी माणूस हॉस्पिटलात, मेंदू मृत झालेला पण यंत्रावर असावा लागतो. ऊतींचे तसे नाही. हृदय थांबल्यावर, अगदी घरी मृत्यू झाला तरी काही तासांत ऊती देता येतात. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, हाड-कंडरेला शरीर थंड ठेवले तर थोडा जास्त वेळ मिळतो. नमुना ७ नावाचा अर्ज भरून हयातीत इच्छा नोंदवता येते. पण प्रत्यक्षात घरच्यांची संमती लागतेच. तेव्हा अर्ज कपाटात ठेवून उपयोग नाही. जेवायला बसल्यावर बायको-पोरांना सांगून ठेवा. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांची आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी लागते. पुण्यात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, ते मार्गदर्शन करते.

घरात पहिला प्रश्न येतो, देह विद्रूप होईल का? नाही. काढलेल्या हाडाच्या जागी आधार घालून, नीट शिवून देह परत देतात. अंत्यदर्शन, त्रिशरण-पंचशील, अंत्यविधी सगळे नेहमीसारखे होते. दुसरा प्रश्न आपल्या आयाबाया हळूच विचारतात: पुढच्या जन्मी लंगडा जन्माला आला तर? मावशी, १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्ध आणि पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आपण घेतली. मेल्यावर या शरीराला जेवण लागत नाही हे मानले, तर त्याला टाचेची शीर लागते हे कसे मानायचे?

शेजारच्या श्रीलंकेकडे बघा. डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली तिथे नेत्रदान संस्था काढली. शिबी राजाने आपले डोळे दिल्याची जातककथा तिथल्या घराघरात माहीत आहे. त्या कथेच्या बळावर साध्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी डोळे दिले, इतके की त्या छोट्या देशाने परदेशांना हजारो डोळ्यांचे पटल पाठवले. पुढे तिथे ऊतींची पेढीही उभी राहिली. दान पारमिता म्हणतात ती अशी.

पण मित्रांनो, इथे मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. दान हा शब्द गोड आहे म्हणून आपण डोळे मिटून घ्यायचे नाहीत. आपल्या आजा-पणज्यांनी गावात मेलेली ढोरे ओढली, कातडी सोलली, मर्तिकाची खबर घेऊन गावोगाव पळाले. ते दान नव्हते, ती वतनाची बिगार होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, तेही बाबासाहेबांच्या पश्चात. मेलेल्या शरीराशी आमचा संबंध दुसऱ्याच्या हुकमाने होता. म्हणून ‘देहाचे काही द्या’ म्हटले, की आमच्या जुन्या माणसांच्या पोटात कालवते. ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या अंगाला ती आठवण चिकटली आहे.

१९९४ च्या कायद्याआधी या देशात गरिबांच्या किडन्या विकत घेतल्या जात होत्या, हेही खोटे नाही. म्हणून कायद्याने विक्रीवर बंदी घातली. ऊतींचा बाजार मांडणाऱ्याला एक ते तीन वर्षे कैद आणि ५ ते २५ लाख दंड अशी तरतूद झाली. कुणी पैशाचे आमिष दाखवले, दारात येऊन सही मागितली, तर त्याला बाहेरची वाट दाखवा.

बिगार आणि दान यांत फरक दोनच गोष्टींचा आहे. पहिली, देणारा राजीखुशीने, समजून, उद्या नाही म्हणण्याची मोकळीक ठेवून देतो. दुसरी, ज्या दारातून तो देतो, त्याच दारातून त्याला घेण्याचाही हक्क असतो. पेढीतल्या पाकिटावर जात लिहिलेली नसते. ज्याच्या आजाने आमच्या हातचे पाणी घेतले नसते, त्याच्या गुडघ्यात उद्या आमची शीर बसेल, आणि तो तिच्यावर उभा राहील. मला त्यात समाधान आहे. पण आमच्या पोराचा गुडघा फुटला तेव्हा त्याला ते पाकीट परवडले नाही, तर? मग देणारे आपण आणि घेणारे दुसरे, असे होईल. ती नव्या कपड्यातली बिगार होईल.

म्हणून दानाबरोबर उपचाराचा हक्क मागितला पाहिजे. तो हक्क कुणी भीक म्हणून दिलेला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. आडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा झाला. या योजनेत कामावरच्या अपघातात तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात रोजच्या वेतनाच्या ९० टक्के मिळतात. २०१० च्या दुरुस्तीने घर ते कारखाना या प्रवासातला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसला तर, कामावरचा धरला जाऊ लागला. चाकणला मोटारसायकलवर जाणाऱ्या किती पोरांना हे माहीत आहे? कंत्राटदार नावच नोंदवत नाही, किंवा ‘घरी पडलो असे लिही’ म्हणतो. असे लिहून द्यायचे नाही. गुडघ्याचे ऑपरेशन म्हणजे काही महिने पगार बंद, आणि त्या काही महिन्यांत सावकार घरात शिरतो. अपघाताची नोंद त्याच दिवशी, कार्डाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात, आणि हजेरीचा फोटो काढून घरी ठेवलेला, एवढे करा.

शेवटी विहारासाठी तीन सूचना. एक, महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर अर्धा तास, ईएसआयची आणि अपघाताची कागदपत्रे तपासून देण्याचे काम आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी करावे. दोन, नेत्रदान आणि ऊतीदानाचे अर्ज विहारात ठेवावेत, पण भरण्याचा आग्रह कुणी कुणाला करू नये. आधी घरात चर्चा, मग सही. तीन, आपल्यापैकी कुणी असे दान केले, तर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते जाहीरपणे सांगावे, म्हणजे दुसऱ्या घराची भीती कमी होईल.

माझ्या घरी मी सांगून ठेवले आहे. डोळे, त्वचा, हाडे, शिरा, जे उपयोगी असेल ते द्या, आणि घेणारा कोण हे विचारू नका. पण माझ्या पोराला गरज पडली, तर रांगेत आपला नंबर मात्र कुणाला ओलांडू देऊ नका.



जय भीम! नमो बुद्धाय!